डावीकडची रिकामी जागा

वाडी, ता. पारनेर
१४ सप्टेंबर २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आषाढात आलं आणि मी पितृपंधरवड्यात उत्तर लिहायला बसलोय. एवढ्या उशिराबद्दल रागावू नकोस. तात्या आजारी पडला असं तुला वाटलं असेल. तसं काही नाही. रोज कागद काढत होतो आणि परत घडी घालून ठेवत होतो. जे लिहायचंय ते वाचून तू हसशील नाहीतर घाबरशील, आणि मला दोन्ही नको होतं. मोबाईलवर बोललो असतो तर एका दमात झालं असतं. पण माझ्या हर्षलची बातमी त्या मोबाईलमधून आली. तेव्हापासून तो वाजला तरी मी उचलत नाही. म्हणून तुला हा पोस्टाचा त्रास.

तर मुद्दा असा, की मी पासपोर्टचा अर्ज केलाय.

तू दशक्रियेला घाटावर होतीस, तुला सगळं ठाऊक आहे. तरी लिहितो, कारण माझ्या डोळ्यांपुढं ते रोज नव्यानं होतं. पान मांडलं होतं. त्याच्या आवडीचं सगळं होतं, शेव होती, पेढे होते, चहासुद्धा ठेवला होता. समोरच्या बाभळीवर कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. तुझा बाप पुढं होऊन म्हणाला, "हर्षल, घरदार मी बघतो, तू काळजी करू नकोस." नाही आला. कंपनीतली त्याची दोस्तमंडळी हात जोडून काय काय बोलली. नाही आला. ऊन चढलं, माणसं चुळबुळ करायला लागली, आणि महाराज दर्भाचा कावळा करायला निघाले. तेव्हा मी पुढं झालो आणि म्हणालो, "पोरा, तुझी ती बर्फातली ट्रिप राहिली. ती मी करीन. तुझा कॅमेरा घेऊन जाईन आणि तुला काढायचे होते ते फोटो काढीन." शब्द तोंडातून सुटले न सुटले तोच कावळा आला.

सगळ्यांनी बघितलं. आता यातून सुटका नाही.

वर्ष झाल्याशिवाय माणूस पितरांत जात नाही म्हणतात. इथंही नाही आणि तिथंही नाही, असा मधेच उभा असतो. पौषात त्याचं वर्ष आहे. त्याच्या आत माझा शब्द पुरा झाला नाही तर तो कुठं राहील, या विचारानं मला जेवण जात नाही. त्याच्या खोलीत तो फोटो अजून तसाच चिकटवलेला आहे. दगडी पूल, दोन्ही बाजूंना साधूंचे पुतळे, त्यांच्या खांद्यांवर बर्फ, पिवळे दिवे, आणि पुलावर माणूस एकही नाही. खाली त्यानं पेनानं 'प्राग' लिहिलंय. मी रोज सकाळी जाऊन त्या पुलावर बघतो. माणूस नसलेला पूल बघवत नाही.

मी चौथी शिकलेला माणूस. हिवाळ्यात युरोपातल्या शहरात जायचं, थंडीत फोटो काढायचे, याचं काय करायचं असतं ते मला ठाऊक नाही. हे सगळं तुम्ही दोघांनी मिळून ठरवलं होतं. तू बहीण कमी आणि त्याची जोडीदार जास्त होतीस. तर तू माझ्याबरोबर चल. नाही म्हणू नकोस.

तुझ्या मोठ्या आईला अजून नीट सांगितलेलं नाही. अर्जाचा कागद तिनं बघितला आणि फळीवर ठेवून दिला.

तुझा तात्या,
कानिफनाथ


पुणे
२१ सप्टेंबर २०२५

ति. तात्यांना सा. नमस्कार.

हसले नाही. घाबरले थोडीशी. मग तुम्ही कानटोपी घालून विमानात बसलायत आणि हवाई सुंदरीला विचारताय, "बाई, पुढचा स्टॉप कुठला?" असं डोळ्यांसमोर आलं, तेव्हा मात्र हसले. माफ करा.

तात्या, तुम्ही विचारलंय म्हणून सांगते. दादाचं म्हणणं असं होतं की एकच शहर घ्यायचं. लोक आठवड्यात चार शहरं पळत बघतात आणि चार शहरांचे सारखेच फोटो घेऊन येतात. आपण एकाच गावात राहायचं, सकाळी त्याच पुलावर, संध्याकाळी त्याच पुलावर. हिवाळाच का, तर तिथं डिसेंबरात सूर्य आठच्या सुमाराला उगवतो, चारला मावळतो, आणि मधल्या वेळात डोक्यावर येतच नाही. तो म्हणायचा, दिवसभर संध्याकाळ असते निके, फोटोवाल्याला आणखी काय पाहिजे. गर्दी कमी, नदीवर धुकं, आणि दिवे दुपारीच लागतात.

थंडीत बॅटरी लवकर उतरते. जादाची बॅटरी शर्टाच्या आतल्या खिशात, छातीशी ठेवायची. बाहेरून उबदार खोलीत आलात की कॅमेरा लगेच काढायचा नाही, बॅगेतच राहू द्यायचा, नाहीतर काचेवर पाणी धरतं.

पण हे सगळं पुढचं. आधी तुम्हाला कॅमेरा हातात बसला पाहिजे. रोज सकाळी एकाच जागी उभं राहून एकच फोटो काढा. अंगणातून रस्त्याकडे बघत काढा. महिनाभर तेच. मग पारनेरच्या स्टुडिओतून त्यातले थोडे छापून मला पोस्टानं पाठवा. मी चुका काढते.

माझ्या रजेचं अजून काही सांगता येत नाही, ऑफिसात वर्षअखेरीला फार काम असतं. व्हिसाचं मी बघते. मोठ्या आईला सांगून टाका. तिच्यापासून लपवू नका.

तुमची,
निकिता


वाडी
८ ऑक्टोबर २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

पासपोर्टसाठी नगरला जाऊन आलो. फोटो झाला, सही झाली, पण बोटांचे ठसे काही मशीन घेईना. तिथली पोरगी बिचारी चांगली होती. ओलं कापड आणून पुसलं, परत लावलं. जन्मभर खुरपं आणि दोरखंड धरून बोटं घासली, त्याला ती काय करणार. एकदाचे उठले. गावात आल्यावर काकासाहेबला सांगितलं. तो पारावर बसलेला. म्हणाला, "तात्या, ठसं रानात सांडलं व्हय? जा, कांद्याच्या वाफ्यात हुडका." मग म्हणाला, "तिकडं भाकरी न्हाई भेटली म्हंजे? बांधून नेनार का?" मी म्हणालो, नेणार. तर म्हणतो, "बर्फात ठिवा, टिकंल." सगळे हसले. मीसुद्धा हसलो. पण उठताना काकासाहेबनं माझा हात धरला आणि हळूच म्हणाला, "जाऊन या. वर्साच्या आत जाऊन या." त्यालाही तेच वाटतं जे मला वाटतं.

तू सांगितल्याप्रमाणं रोज फोटो काढतोय. सोबत छापलेले पाठवतो. धुकं पडायला अजून अवकाश आहे, नुसतीच पांढुरकी हवा आहे. अंगणाची भिंत, रस्ता, पलीकडं लिंबाचं झाड. रोज तेच.

आता एक गोष्ट लिहितो, ती कुणाला दाखवू नकोस. मी कॅमेरा डोळ्याला लावला की हर्षलचा कुत्रा उठतो. पायरीवर झोपलेला असतो तो अंग झटकून उठतो, आणि माझ्या डाव्या हाताला दोन पावलं जाऊन उभा राहतो आणि शेपूट हलवतो. माझ्याकडं बघत नाही. जिथं कुणी नाही तिथं मान वर करून बघतो. बटण दाबलं की परत येऊन झोपतो. पाण्याच्या टाकीवर एक कावळाही येऊन बसतो. तो ओरडत नाही. फोटो झाला की उडून जातो. मला भीती वाटत नाही असं म्हणणार नाही. पण न जाण्याची भीती जास्त वाटते.

तुझ्या मोठ्या आईला सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "लई थंडी आसंल तिकडं." मी विचारलं, "जाऊ का नको?" तर उठून गोठ्याकडं गेली. सकाळी मी कॅमेरा घेऊन निघालो की ती दारात येते. काहीतरी बोलायला तोंड उघडते, आणि न बोलता आत जाते. रोज असंच. मला वाटतं तिला मी जावं असं वाटत नाही, किंवा तिच्या मनात माझ्याबद्दल काही राग आहे. विचारायला धीर होत नाही.

व्हिसाची तारीख कधीची मिळाली? पासपोर्ट आला की लगेच कळवतो. डिसेंबरच्या मधे निघायला हवं. तू तारखेबद्दल काहीच लिहीत नाहीस.

तात्या


पुणे
१६ ऑक्टोबर २०२५

ति. तात्यांना नमस्कार.

फोटो मिळाले. टेबलावर ओळीनं मांडून बसले होते. तात्या, खरं सांगा, तुम्हाला हे कुणी शिकवलं?

चुका आहेत. दोन फोटो हललेत, एकात तुमचं बोट आलंय. त्याबद्दल म्हणत नाही. प्रत्येक फोटोत झाड उजवीकडे आहे आणि डावीकडे जागा सोडलेली आहे. नवीन माणूस जे दिसतं ते मधोमध धरतो. सगळेच तसं करतात, मीही सुरुवातीला केलं. दादा मात्र डावीकडे जागा ठेवायचा. मी त्याला चिडवायचे, की एवढी जागा वाया का घालवतोस, भाड्यानं दे. तो म्हणायचा, कुणीतरी येईल ना चालत, त्याला नको का जागा. त्याच्या सगळ्या फोटोंत ती आहे. लग्नाच्या फोटोंतसुद्धा. त्यावरून नवरदेवाचा मामा एकदा भांडायला आला होता.

तुमच्या फोटोत तीच जागा आहे. तेवढीच रुंद. मी त्याचा जुना फोटो शेजारी ठेवून बघितला आणि मग उठून दिवा लावला. भर दुपारी.

तुम्ही त्याचे फोटो बघून करत असाल तर सांगा. तसं असेल तर मला बरं वाटेल.

पुढचा धडा पांढऱ्याचा. कॅमेऱ्याला पांढरं कळत नाही. समोर सगळा बर्फ असला की त्याला वाटतं उजेड जास्त झाला, आणि तो फोटो काळवंडून टाकतो. बर्फ मातकट दिसतो. तेव्हा आपण हातानं उजेड वाढवायचा, अधिक खुणेचं बटण आहे ते एक घर पुढं. घरी सराव करायचा तर काहीतरी पांढरं समोर धरा.

या दिवाळीला माझं येणं होणार नाही. पप्पा येतील. दादाशिवायच्या त्या अंगणात मला उभं राहता येणार नाही, एवढं समजून घ्या. व्हिसाची तारीख बघतेय.

निकिता


वाडी
२ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास आशीर्वाद.

पासपोर्ट आला. पोस्टमननं आणून हातात दिला आणि चहा घेतल्याशिवाय हलला नाही.

पांढऱ्याचा सराव केला. माझं धोतर भिंतीवर पसरलं आणि समोर उभा राहिलो. पहिला फोटो खरंच मातकट आला, जणू धुतलंच नाही. मग तू म्हणालीस तसं एक घर पुढं घेतलं आणि धोतर लख्ख निघालं. काकासाहेब रस्त्यानं चालला होता. म्हणाला, "तात्या, धोतराचा पासपोर्ट काढता का?" तुझ्या मोठ्या आईनं तोंडाला पदर लावला. हसली का काय ते दिसलं नाही.

डावीकडच्या जागेचं विचारतेस. मी हर्षलचे फोटो बघितलेले नाहीत गं. त्याचा डबा कपाटात आहे, तो उघडायला माझा हात होत नाही. मी जागा सोडत नाही, ती सुटते. झाड मधोमध धरायला जातो आणि वाटतं, थांब, कुणीतरी येतंय, त्याला येऊ दे. मग मी तेवढा सरकतो. कुणी येत नाही. मग मी बटण दाबतो. एवढंच आहे. कुत्रा त्याच बाजूला उभा असतो हे तुला मागंच लिहिलं होतं.

परवा धुकं पडलं, या वर्षीचं पहिलं. रस्ता दिसेना. त्या सकाळीही असंच होतं. धुक्याचे फोटो काढायला निघाला आणि सुप्याच्या रस्त्यावर टेम्पो समोर आला तो त्याला दिसला नाही. कॅमेरा पाठीवरच्या बॅगेत तसाच, ओरखडासुद्धा नाही. तोच कॅमेरा मी धुक्यात धरून उभा होतो. डाव्या कानाशी कुणीतरी श्वास घेतल्यासारखं झालं. मी मान वळवली नाही. आपल्याच माणसाकडं बघायची भीती का वाटावी?

आता मनातलं लिहितो. तुझा बाप आदिनाथ दिवाळीत येऊन गेला. बोलता बोलता म्हणाला, "निकीनं कॅमेरा माळ्यावर टाकलाय. वर्षभर उघडला नाही. विचारलं की विषय बदलते." मी रात्रंदिवस त्याचाच विचार करतोय. तुझ्या एकाही पत्रात व्हिसाची तारीख नाही. दिवाळीला तू आली नाहीस. रजेचं सांगता येत नाही म्हणतेस. मला वाटतं मला कारण कळलंय. कानटोपीतल्या म्हाताऱ्याला घेऊन परक्या शहरात हिंडायचं, चारचौघांत त्याला काटाचमचा धरायला शिकवायचं, याची तुला लाज वाटत असेल. किंवा हर्षलचा कॅमेरा खरा तुझ्याकडं यायला पाहिजे होता आणि मी तो अडवून बसलो, याचा राग असेल. राग असेल तर कॅमेरा घेऊन जा. लाज असेल तर मी तुझ्या मागं लांबून चालीन. पण तारीख घे. पौष जवळ आला. मी शब्द दिलाय आणि कावळ्यानं तो घेतलाय.

खरं काय ते लिही. गोड लिहू नकोस.

तात्या


पुणे
९ नोव्हेंबर २०२५

ति. तात्या,

लाज नाही आणि रागही नाही. तुम्ही कानटोपी घालून माझ्यापुढे चाललात तरी मला चालेल. तुम्ही असं लिहिलंत याचं फार वाईट वाटलं, आणि ते लिहायची वेळ मीच तुमच्यावर आणली.

खरं लिहिते. व्हिसाची तारीख मी घेतलेलीच नाही. एकदाही प्रयत्न केला नाही.

घाटावर मी तुमच्या मागे उभी होते. तुम्ही पुढे होऊन बोललात ते मी ऐकलं. पण त्याच वेळी मी डोळे मिटून मनात बोलत होते. आजी काशीला गेली तेव्हा आवडीची वस्तू सोडायची म्हणून आंबा सोडून आली होती, आठवतं? मरेपर्यंत तिनं आंब्याकडे बघितलं नाही. मला तेच सुचलं. मी म्हटलं, दादा, मला सगळ्यात जास्त आवडतं ते मी सोडते. आजपासून कॅमेरा हातात धरणार नाही. पण तू पानाला शीव, मोठ्या आईला असं ताटकळत ठेवू नकोस.

डोळे उघडले तर कावळा पानावर होता.

सगळे तुमच्याकडे बघत होते. तुमच्या शब्दानं आला असं सगळे म्हणाले. मी गप्प बसले. पण आतून मला ठाऊक होतं की तो माझ्यामुळे आला. अजूनही तसंच वाटतं. वर्षभर मी साधा मोबाईलवरही फोटो काढलेला नाही. ऑफिसातल्या मुली सेल्फीला बोलावतात तेव्हा मी पिशवी सांभाळते.

आता सांगा तात्या, मी तुमच्याबरोबर कशी येऊ? त्या पुलावर, त्या उजेडात, रिकाम्या हातांनी उभी राहिले तर वेडी होईन. आणि कॅमेरा उचलला तर त्याला दिलेला शब्द मोडला. मग तो परत अडकायचा, आणि या वेळी माझ्यामुळे. म्हणून मी तुम्हाला धडे लिहीत राहिले. वाटलं, तात्या शिकले तर तुमचं तुम्ही जाल, माझं मी पाळीन, दोघांचंही राहील. पण तुम्हाला एकटं पाठवायची माझी हिंमत नाही, आणि हे तुम्हाला सांगायचीही नव्हती.

पौषाच्या आत आता व्हिसा होणं कठीण आहे. ते माझ्यामुळे झालं.

तुमचा शब्द खरा की माझा, हे कुणाला विचारायचं? आणि ती डावीकडची जागा बघितली की वाटतं, तो गेलेलाच नाही. कुणाचाच शब्द पोचलेला नाही.

मोठ्या आईला यातलं काही सांगू नका.

निकिता


वाडी
२७ नोव्हेंबर २०२५

चि. निकितास अनेक आशीर्वाद.

परत उशीर झाला, बाळ. या वेळी तुला थांबवायला नको होतं, मला कळत होतं, पण जे घडलं ते कागदावर उतरेना. आज उतरतंय.

तू नको म्हणालीस, तरी मी तुझं पत्र तुझ्या मोठ्या आईला वाचून दाखवलं. मला दुसरं माणूस नव्हतं. पत्र आलं तेव्हा तिला नुसतं एवढंच म्हणालो, की पोरीचं पत्र आलंय, बरी आहे. मग सहा-सात सकाळी मी कॅमेरा घेऊन बाहेर जायचो, फोटो काढायचो आणि मनात तेच घोळत राहायचं. तुझा शब्द खरा असेल तर मी गावभर उगीच मिरवलो. माझा खरा असेल तर तू उगीच वर्षभर जीव मारलास. आणि दोन्ही खरे असतील तर एक पाळायला जावं तर दुसरा मोडतो. शेवटी एका दुपारी ती ओसरीवर मटकी निवडत बसली होती, तिथं जाऊन बसलो आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं.

ती ऐकत होती. सूप हलायचं थांबलं. मग ती हसली. वर्षात पहिल्यांदा मी तिला हसताना ऐकलं.

"काय झालं?" मी म्हणालो.

"तुमी काका-पुतनी लई शानी," ती म्हणाली. "तुमी पुढं हून बोलत हुता, ती मागं डोळं मिटून बोलत हुती. समदी मानसं तुमच्याकडं बघत हुती. पानाकडं कोन बघत हुतं?"

"कोण?"

"म्या. पदराखाली भजी आनली हुती, कांद्याची. म्हाराज म्हनले हुते, पान मांडल्यावर कुनी हात लावायचा न्हाई. म्हून तुमी बोलाया लागला तवा गुपचूप सारली. मागं सरले न सरले तर आला की."

एवढं वर्षभर ती हे पोटात घेऊन बसली होती. मी विचारलं, "मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी दोघांनी त्याला कायबाय दिलं. म्या भजी दिली. कुनाचं घेतलं ते मला काय ठावं. तुमाला आधार वाटत हुता, म्या कशाला काढून घिऊ?"

"तू काय बोललीस त्याला?"

"म्या काय बोलनार," ती म्हणाली. मग सूप खाली ठेवलं. "म्हटलं, खाऊन जा."

निकिता, तुला आठवतं का? तो सकाळी गाडीला किक मारायचा आणि ही दारात येऊन म्हणायची, "खाऊन जा रं." तो म्हणायचा, आल्यावर खातो. त्या सकाळीही तसंच झालं होतं. स्वेटरसुद्धा न घालता गेला. ती रोज सकाळी दारात येऊन तोंड उघडते आणि मिटते, ते मला आता कळलं. मी त्याचा कॅमेरा गळ्यात घालून निघायचो ना.

मग मी म्हणालो, "म्हणजे माझ्या शब्दानं नाही आला, पोरीच्याही नाही." ती म्हणाली, "भूक लागली हुती त्याला. आसं उपाशी कुनी जातं व्हय." आणि परत मटकी निवडायला लागली.

पुढं काय झालं ते ऐक. दुसऱ्या दिवशी मी नेहमीसारखा बाहेर निघालो. ती दारात आली आणि या वेळी म्हणाली, "खाऊन जावा." मी परत फिरलो, चुलीपाशी बसून अर्धी भाकरी खाल्ली आणि मग अंगणात गेलो. धुकं होतं. कॅमेरा डोळ्याला लावला. कुत्रा उठला नाही. पायरीवर तसाच झोपून राहिला, फक्त कान हलवला. टाकीवर कावळा नव्हता. मी वाट बघितली. डावीकडं कुणी येतंय असं वाटेना. बटण दाबलं. तेव्हापासून रोज असंच आहे.

सोबत फोटो पाठवलेत, बघ. झाड मधोमध आहे. मी मुद्दाम सरकून डावीकडं जागा ठेवून बघितली, तोही फोटो पाठवलाय. पण ती जागा सोडलेली दिसते, सुटलेली नाही. नुसती भिंत आहे तिथं. तुला कळेल मी काय म्हणतो ते.

त्यानं सुटावं म्हणून वर्षभर तळमळलो, आणि आता अंगण रिकामं झालं तर मला तिथं उभं राहवत नाही. घरात येऊन तिला म्हणालो, "रतन, तो गेला वाटतं." ती म्हणाली, "व्हय, गेला आसंल." मी म्हणालो, "कुठं?" तिनं हनुवटीनं त्याच्या खोलीकडं दाखवलं, त्या पुलाच्या फोटोकडं. म्हणाली, "जायाचं हुतं तिकडंच गेला आसंल की. दुसरीकडं कशाला जाईल?"

मी खोलीत जाऊन बराच वेळ तो फोटो बघत होतो. आजवर माझं लक्षच गेलं नव्हतं. त्यातसुद्धा डावीकडं जागा आहे, पुतळे संपतात तिथं, दिव्याच्या अलीकडं.

तर आता असं कर. तुझा शब्द सुटला, माझाही सुटला. कॅमेरा माळ्यावरून काढ, पुसून घे. आपण नवस फेडायला जायचं नाही. वर्षश्राद्ध इथं पौषात घरच्यासारखं करू, तू यायचंच, आणि तुझी मोठी आई भजी तळेल ती राजरोस पानावर ठेवू. मग फेब्रुवारीत जाऊ. त्या पुलाचा फोटो भिंतीवरून सोडवून बघितला, तर मागं त्यानं 'फेब्रु.' असं लिहिलंय, म्हणजे तेव्हाही तिथं बर्फ असणार. तिथं पोचल्यावर पहिला फोटो तू काढ. मी नाही काढणार. तू काढ, आणि मधोमध धरायचा प्रयत्न कर. बघू जागा सुटते का.

एकच काळजी लागून राहिली आहे. तुझ्या मोठ्या आईनं काल त्याचा निळा स्वेटर ट्रंकेतून काढून उन्हात घातला. संध्याकाळी घडी करून माझ्या बॅगेवर ठेवला. रात्रीपासून माझ्या डोक्यात तेच चाललंय, की पोरगा आपल्या आधी जाऊन उभा राहिलाय, तिथं दिवस चारला मावळतो आणि त्याच्या अंगात नुसता शर्ट आहे.

म्हणून यावेळी तारीख घे. आजच्या आज घे, आणि काय मिळाली ते लगेच लिही. मोबाईल केलास तरी चालेल. वाजला तर मी उचलीन. लवकर कळव.

तुझा तात्या,
कानिफनाथ